किल्ला उतरताना पाय का मोडतात? दहा आठवड्यांची तयारी, टप्प्याटप्प्याने

पावसाळा सरला की गडवाटा गजबजतात आणि सोमवारी ऑफिसच्या जिन्यावर कठडा धरून तिरके तिरके उतरणारी माणसं दिसू लागतात. यातल्या बहुतेकांनी तयारी केलेली असते. कुणी रोज पाच किलोमीटर चाललेलं असतं, कुणी ट्रेडमिलला चढ लावून घाम गाळलेला असतो, कुणी महिनाभर लिफ्ट सोडून जिने चढलेले असतात. पण ही सगळी तयारी चढायची असते आणि पाय दुखतात ते उतरल्यामुळे. महिन्याला हजार किलोमीटर सायकल मारणाऱ्यालाही कळसूबाईवरून उतरताना मांड्या थरथरल्याचा अनुभव येतो, कारण सायकलवर ‘उतरण्याचं’ काम जवळजवळ नसतंच.

हा लेख एका दिवसात ८०० ते १००० मीटर उतरावं लागेल अशा ट्रेकसाठी आहे. बारी गावातून कळसूबाई (१६४६ मीटर), राजगड-तोरणा किंवा हरिश्चंद्रगड अशी मोहीम डोळ्यांसमोर ठेवा आणि तारखेपासून दहा आठवडे मागे मोजा. सहाच आठवडे हाती असतील तर छोटा किल्ला निवडा. दहा आठवड्यांचं काम सहात कोंबू नका. ते का, हे पुढे कळेल.

## आधी हे समजून घ्या: उतरताना पायात काय होतं

विहिरीतून बादली ओढताना हात दमतात, पण भरलेली बादली हळूहळू खाली सोडताना दोर तळव्याला काचतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचंही असंच आहे. चढताना तो आखडत काम करतो. उतरताना गुडघा वाकत जातो, स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला शरीराचं वजन रोखून धरायचं असतं. ताण सोसत ब्रेक लावण्याच्या या कामात दम फारसा लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. पण स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती याच कामात. ताकद लगेच घटते आणि पूर्ववत व्हायला काही दिवस जातात. दुखणं मात्र उशिरा येतं. दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळस गाठतं.

‘लॅक्टिक आम्ल साचलं’ हे त्यावरचं लोकप्रिय निदान चुकीचं आहे. व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात लॅक्टेट रक्तातून निवळलेलं असतं. मंगळवारी दुखणारी मांडी रविवारच्या आम्लामुळे दुखत नाही.

पायाचा प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने तयार होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. मेंदू त्याच स्नायूतले जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो. स्नायू खऱ्या अर्थाने भरायला सहा-आठ आठवडे लागतात. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, त्याहून सावकाश बदलतात. त्यांचं गणित महिन्यांचं असतं. हाडाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. भार वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते थोडं कच्चं राहतं. नडगीची दुखणी तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डोकं वर काढतात ती यामुळेच.

सांध्यातल्या कूर्चेला, हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. पाय टेकला की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलला की सांध्यातलं वंगण शोषून घेते आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून ‘चालून चालून गुडघे झिजतात’ हे सरसकट खरं नाही. बेताचा आणि नियमित भार तिला मानवतो. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी अचानक हजार मीटर उतरणं तिला सोसत नाही.

या सगळ्यातून एक नियम निघतो: दम वाढला म्हणून उतार वाढवायचा नाही. दम सगळ्यात आधी सुधारतो आणि तोच फसवतो.

जमेची बाजू अशी की उतरण्याची एक हलकी मात्रा दिली, की त्यानंतरच्या मोठ्या मात्रेपासून स्नायूंना काही आठवडे संरक्षण मिळतं. पुढची सगळी योजना या गुणावर उभी आहे.

## टप्पा १: पाय तपासा (सुरुवातीच्या आधीचा रविवार)

अनवाणी, जमल्यास आरशासमोर. दोन्ही पायांचे आकडे वहीत वेगवेगळे लिहा.

1. टाच उचलणे. भिंतीला बोटांचा आधार, एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. २० वेळा जमायला हवं. टाच पूर्वीइतकी वर जाईना की मोजणं थांबवा.
2. घोट्याची लवचीकता. अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला नाही तर घोटा ताठ आहे. उतरताना त्याची भरपाई गुडघा करतो.
3. एका पायावर तोल. डोळे उघडे, हात कमरेवर, ३० सेकंद.
4. खुर्चीतून एका पायावर उठणे. साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची, हातांचा आधार न घेता प्रत्येक पायावर ५ वेळा.
5. पायरी-उतरण. सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच. जिन्याच्या खालून पहिल्या पायरीवर तोंड खाली करून उभे राहा. एक पाय पुढे, हवेत. पायरीवरचा गुडघा हळूहळू वाकवत पुढच्या पायाची टाच जमिनीला फक्त टेकवा, वजन टाकू नका, आणि परत वर या. असं ८ वेळा.

पाचव्या चाचणीत मोजण्यापेक्षा बघणं महत्त्वाचं. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते की आत, अंगठ्याच्या पलीकडे झुकते? कंबर एका बाजूला पडते का? शेवटच्या दोन इंचांत पाय धप्पकन टेकतो का? गुडघा आत झुकत असेल तर दोष बहुधा गुडघ्यात नसून खुब्याच्या बाजूच्या स्नायूत असतो. ‘धप्प’ होत असेल तर मांडीचा ब्रेक अपुरा आहे. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तपासा: उजव्या-डाव्यातला फरक पाचव्या हिश्शाहून जास्त आहे का? उदाहरणार्थ, एकीकडे २० आणि दुसरीकडे १४. असेल तर प्रत्येक व्यायाम कमकुवत पायाने सुरू करा आणि मजबूत पायाने तेवढेच करा, जास्त नाही.

सावधान: पंचेचाळिशी ओलांडलेली, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास, गुडघ्याची जुनी शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहींनी पावलांची संवेदना आवर्जून तपासून घ्यावी. फोड आलेला कळलाच नाही तर तो चिघळतो.

गुडघ्यातून नुसती कटकट येत असेल, दुखत किंवा सुजत नसेल, तर तिकडे लक्ष देऊ नका.

## टप्पा २: पाया (आठवडा १ आणि २)

या दोन आठवड्यांत मुद्दाम उतराई करायची नाही. आठवड्यातून तीन दिवस सपाटीवर ३० ते ४५ मिनिटं झपझप चाला आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. ताकदीच्या दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर हवं. मंगळवार-शुक्रवार सोयीचं पडतं.

सुरुवातीला पाच मिनिटं चालून पाय गरम करा. मग या क्रमाने:

1. सेतुबंध: पाठीवर झोपून कंबर उचलणे, १२ × ३ (म्हणजे १२ वेळा, तीन फेऱ्या). वर दोन सेकंद थांबा. नितंब जागे झाले की पुढच्या व्यायामांत गुडघा आत पडत नाही, म्हणून हा पहिला.
2. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे: १२ × २. पाय किंचित मागे ठेवा, पुढे आला तर काम भलत्याच स्नायूकडे जातं.
3. संथ बैठका: १० × ३. खुर्चीच्या उंचीपर्यंतच, टाचा जमिनीवर, खाली जाताना मनात तीन मोजा.
4. पायरी-उतरण: चाचणीतलीच, ८ × ३, प्रत्येक पायाने.
5. टाच उचलणे: पायरीच्या कडेवर दोन्ही पायांनी वर, एका पायाने खाली, १० × ३.
6. चवडे उचलणे: भिंतीला पाठ लावून, पावलं फूटभर पुढे, १५ × २. नडगीच्या पुढचा हा स्नायू उतारावर पाऊल अलगद टेकवतो. तो दमला की पाऊल आपटायला लागतं.

तालमीतल्या शंभर-दोनशे झपाझप बैठका इथे उपयोगाच्या नाहीत. त्या वेगात खाली जाताना शरीर जवळजवळ पडतं आणि ब्रेक लावायचं काम चुकवलं जातं. आपल्याला नेमकं तेच काम हवं आहे. दहाच करा, पण खाली जाणं सावकाश ठेवा.

नेहमीची चूक: पायरी-उतरणीत खालच्या पायाने उडी घेऊन वर येणे. त्या पायाची टाच फक्त टेकवायची आहे. चवडा टेकवला की उडी मारण्याचा मोह होतो, म्हणून टाच.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. सकाळी वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी एक फेरी कमी करा. ही मोजपट्टी सांध्याच्या आणि कंडराच्या दुखण्यासाठी आहे. स्नायूचं नवखेपणाचं अंगदुखणं दोन-तीन दिवस राहिलं तर राहू द्या.

## टप्पा ३: लिफ्टने वर, जिन्याने खाली (आठवडा ३ ते ६)

आता मुख्य काम. सोसायटीतला जिना हे महाराष्ट्रातलं सर्वांत स्वस्त व्यायामयंत्र आहे आणि लोक ते उलट्या दिशेने वापरतात. चढायचं नाही, उतरायचं. लिफ्टने वर जा आणि चालत खाली या.

एक मजला म्हणजे साधारण ३ मीटर. दहा मजली इमारत एकदा उतरलात की ३० मीटर झाले. आठवड्यातून दोन सत्रं, मोठं आणि त्याच्या निम्मं. मोठ्या सत्राची मात्रा अशी:

- आठवडा ३: २० मजले (६० मीटर)
- आठवडा ४: ४० मजले (१२० मीटर)
- आठवडा ५: ८० मजले (२४० मीटर)
- आठवडा ६: ३० मजले (९० मीटर), मुद्दाम कमी

दहा मजली इमारतीत ८० मजले म्हणजे आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीत लिफ्टमध्ये मिळणारी मिनिटभराची विश्रांती पुरते. चार मजली इमारतीत लिफ्ट नसेल तर चढून उतरा. सत्र लांबेल, मात्रा तीच ठेवा.

ताकदीचे व्यायाम सोडायचे नाहीत. ते उतराईच्या मोठ्या सत्रानंतर दोन दिवसांनी घ्या. पायरी-उतरण आता पाठीवर ३ किलोची पिशवी घेऊन करा. सपाटीचं चालणं दोन दिवसांवर आणा.

उतरताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, आवाज. बूट वाजत असेल तर ब्रेक लागत नाही. जिन्यावरून मांजर उतरतं तसं उतरायचं. दुसरी, गुडघा. पाय टेकतो त्या क्षणी तो किंचित वाकलेला हवा. ताठ गुडघ्यावर टेकलं की झटका स्नायूऐवजी थेट सांध्याला बसतो. तिसरी, नजर. ती दोन-तीन पायऱ्या पुढे ठेवा, बोटांवर नको.

पायऱ्या उतरताना वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येतो. साठ किलोच्या माणसाला तो १८० किलोच्या घरात जातो, प्रत्येक पायरीला. म्हणूनच सहावा आठवडा हलका ठेवला आहे. हाड आणि कंडरा मागे पडलेले असतात, त्यांना गाठू द्या. नेमक्या याच आठवड्यात पाय हलके वाटतात आणि मित्र सिंहगडला चला म्हणतात. नाही म्हणा.

नडगीची तपासणी (चौथ्या आठवड्यापासून, दर रविवारी): नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालपर्यंत न्या. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात हळवेपणा असेल तर उतराई आठवडाभर निम्मी करा. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा त्या पायावर हलकी उडी मारताना तिथेच दुखत असेल, तर उतराई बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बरेचदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून पुन्हा जिना सुरू करू नका.

## टप्पा ४: खरी वाट (आठवडा ७ ते ९)

जिन्याची पायरी एकसारखी असते. किल्ल्यावरची तशी नसते. घसारा (पायाखाली सरकणारी माती-खडी), मुरूम, गवतात लपलेले धोंडे, झिजलेल्या कातळपायऱ्या. इथे मांडीइतकंच काम घोट्याभोवतीच्या स्नायूंना पडतं.

आठवडा ७: लोहगडासारखा पायऱ्यांचा छोटा किल्ला, किंवा घराजवळची टेकडी दोनदा. पाठीवर ३ किलो.

आठवडा ८: एक मोठी उतराई. पुणेकरांना आतकरवाडीकडून सिंहगड सोयीचा. साडेपाचशे-सहाशे मीटरांचा हा उतार आपल्या मोहिमेच्या बराच जवळ जातो. पाठीवर ५ ते ६ किलो. गुडघा कुरकुरत असेल तर गाडीरस्त्याने वर जा आणि फक्त उतरा. रायगडावरही हीच युक्ती चालते. रोपवेने वर जायचं आणि हजाराहून अधिक पायऱ्या पायी उतरायच्या. लोक नेमकं याच्या उलट करतात आणि मग पाय तयार का झाले नाहीत म्हणून विचारतात.

आठवडा ९: जिना ४० मजले, ताकदीचा एक दिवस. बस.

वजनासाठी पाण्याच्या बाटल्या वापरा. एक लिटर म्हणजे एक किलो. चढताना भरलेल्या न्या. माथ्यावर गुडघा तक्रार करत असेल तर वाटेपुरतं पाणी ठेवून बाकीचं ओतून द्या. धोंडे किंवा पुस्तकं भरलेल्या सॅकमध्ये ही सोय नाही.

बूट मोहिमेचेच घाला. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, त्यामुळे सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात.

लेस बांधणे: सपाटीची गाठ उतारावर चालत नाही. उतरण्याआधी बसा, टाच दगडावर आपटून पाऊल बुटात पूर्ण मागे न्या. चवड्यावरची लेस सैलसर ठेवा. सर्वांत वरची दोन भोकं मोकळी असतात. लेस आडवी न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात घाला, म्हणजे दोन्हीकडे छोटा फास तयार होतो. उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्यातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर जखडते, बोटं पुढे आपटत नाहीत आणि नखं काळी पडत नाहीत.

सावधान: घोटा मुरगळला तर बूट लगेच काढून चालून बघू नका. बसा, पाय उंच ठेवा, दहा मिनिटं थांबा. मग चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या बाहेरच्या-आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर तीव्र कळ आली, तर एक्स-रे हवा. ‘बसवून देणाऱ्या’कडे जाऊन चोळून घेऊ नका.

## टप्पा ५: शेवटचे दहा दिवस

शेवटची मोठी उतराई आणि मोहीम यांच्यात दहा ते चौदा दिवस हवेत. सूक्ष्म इजा तोवर भरून येते आणि मिळालेलं संरक्षण टिकून राहतं. ‘आदल्या रविवारी एकदा राजगड करून बघू’ या हौसेने दहा आठवड्यांवर पाणी पडतं, कारण निम्म्या दुरुस्त झालेल्या मांड्या घेऊन तुम्ही मोठ्या उताराला उभे राहता.

या दिवसांत सपाटीवर चाला, एकदा २० मजले उतरा, सात-आठ तास झोपा. नखं दोन-तीन दिवस आधी, सरळ रेषेत कापा. नवीन काहीही नको: ना बूट, ना मोजे, ना नी-कॅप. नी-कॅपने ऊब आणि धीर मिळतो, ताकद मिळत नाही.

## टप्पा ६: उतरण्याचा दिवस

खाणं. मांडीतली साखर संपली की पाय लटपटतात. चढायला सुरुवात केल्यापासून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, २० ग्रॅम गुळात साधारण १८. केळं आणि गुळाची चिक्की तासाला पुरते. माथ्यावर पिठलं-भाकरी चापून दोन तास आडवं होणं सुखाचं असतं खरं, पण उठल्यावर थंड पडलेल्या पायांनी लगेच उताराला लागू नका. पाच मिनिटं माथ्यावरच फिरा, दहा संथ बैठका काढा.

पाणी. तहानेप्रमाणे, तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास. उन्हात जास्त लागेल. नुसतं पाणी भरमसाट पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. लिंबू-मीठ-साखर किंवा ताक सोबत असू द्या.

पावलं. लहान टाका. मोठं पाऊल म्हणजे मोठा ब्रेक. पाऊल शरीराच्या खाली पडावं, पुढे नाही. घाबरून मागे रेललात तर टाच निसटते आणि बैठक मारली जाते. कंबरेपासून किंचित पुढे झुका. रुंद उतारावर सरळ न उतरता नागमोडी उतरा. घसाऱ्यावर पळत सुटणं मजेचं वाटतं, पण शेवटच्या वीस फुटांत थांबायला मांड्याच लागतात.

काठ्या. दोन घ्या. चढापेक्षा उतारावर ५ ते १० सेंटीमीटर लांब करा, पाऊल टाकण्याआधी काठी खाली टेकवा आणि वजन खरोखर तिच्यावर टाका. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर आणि कातळटप्प्यावर मात्र त्या सॅकला बांधून ठेवा. तिथे हात मोकळे हवेत आणि तोंड कातळाकडे.

तपासा, दर तासाला: दोन्ही पाय एकसारखे दमलेत का? पाऊल आपटतंय का? मांडी थरथरतेय का? थरथर सुरू झाली असेल तर दहा मिनिटं थांबून खा. विश्रांतीने दम येईल, पण गेलेली सगळी ताकद परत येणार नाही. म्हणून उरलेल्या वाटेसाठी वेग तीन-चतुर्थांश ठेवा. घोटे मुरगळतात ते बहुधा गाव दिसू लागल्यानंतर, जेव्हा पाय दमलेले असतात आणि लक्ष चहाकडे असतं. अंधार पडायच्या आधी पायथ्याला पोहोचता येईल अशा हिशेबाने माथा सोडा.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा हळूहळू नडगीकडे ओढा, अर्धा मिनिट धरा. चोळणं नंतर.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जळजळ सुरू झाली आणि प्रत्येक पावलागणिक वाढली, तर मांडीच्या बाहेरून येणारा पट्टा तिथे चिडलेला असतो. थांबल्यावर बरं वाटतं, चालू लागल्यावर पुन्हा सुरू. पावलं आणखी लहान करा, काठ्यांवर भार वाढवा, सॅक सोबत्याकडे द्या. ‘जरा जोरात उतरून संपवू’ असं करू नका.

## टप्पा ७: नंतरचे ७२ तास

पायथ्याला पोहोचलात की लगेच गाडीत बसू नका. दहा मिनिटं सावकाश चाला. दोनेक तासांत नीट जेवा. त्यात प्रथिनं २० ते ३० ग्रॅम असावीत. दोन अंडी १२ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर साधारण १८ ग्रॅम. वरण-भातावर हिशेब पुरा होत नाही, सोबत काहीतरी घ्यावं लागतं. लांबच्या गाडीप्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा.

दुसऱ्या दिवशी सपाटीवर २० ते ३० मिनिटं चाला. दुखणं त्याने कमी जाणवतं. ताण देऊन, म्हणजे स्ट्रेचिंग करून, हे दुखणं टळत नाही. बरं वाटत असेल तर हलकं करा. दुखऱ्या मांड्या जोरात रगडून घेऊ नका. गोळ्यांची घाई नको, विशेषतः घाम खूप गेला असेल आणि लघवी कमी होत असेल तेव्हा. वेदनाशामकांपैकी अनेक मूत्रपिंडावर भार टाकतात.

कोणतं दुखणं कसलं:

दोन्ही मांड्यांत पसरलेलं, दाबल्यावर दुखणारं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त आणि चार-पाच दिवसांत ओसरणारं दुखणं स्नायूंचं. त्याला वेळ द्या.

एकाच गुडघ्यात, बोटाने जागा दाखवता येणारं, सूज असलेलं, गुडघा अडकतो किंवा अचानक निसटतो असं वाटणारं दुखणं सांध्याचं. डॉक्टरांना दाखवा.

एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखणं कमी न होता वाढतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पोटरीला मालिश करू नका. सोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात.

लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या टणक आणि हात लावू देत नाहीत इतक्या दुखऱ्या झाल्या, तर थेट रुग्णालय. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकत असतात. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा घरी पाणी पीत वाट बघण्यात वेळ जातो.

पुढची उतराई किमान सात दिवसांनी, तीही जिन्यावर, ४० मजल्यांची. ती विनातक्रार पार पडली की पुढच्या किल्ल्याची तारीख ठरवा. हंगामभर दर दोन-तीन आठवड्यांतून एक मोठी उतराई ठेवलीत, तर मार्चपर्यंत पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दोन महिन्यांचा खंड पडला तर मात्र तिसऱ्या आठवड्यापासून, वीस मजल्यांनी.